शुद्ध हवेच्या पाटीपाशी

...अहो, नियम वाईट आहे असं मी म्हणतच नाही! नियम चांगलाच आहे. पण तुम्हाला सांगतो, शहराच्या मधल्या भागात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी करताना छातीचं हॉस्पिटल नेमकं तिथेच आहे, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर बस चालवली त्यांनी, पुढच्या गाडीने धूर सोडायचा आणि ह्यांनी तो गिळायचा, आणि निवृत्त होताना काय घेऊन आले घरी, तर दमा!

त्यांना आमच्या जुन्या डिझेल गाडीत घालून तपासून घ्यायला निघालो, किती महिन्यांनी मिळालेली तारीख, आणि चौकात ही भलीमोठी पाटी... 'शुद्ध हवा क्षेत्र'. खाली वाहतूक पोलीस उभा, तोही नाकाला फडकं बांधून! म्हणतो, गाडी मागे घ्या. म्हटलं, साहेब, वडिलांना चार पावलं टाकली तरी धाप लागते हो. तर मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं, "काका, हे सगळं दम्याच्या पेशंटसाठीच चाललंय ना?" घ्या! आमच्याचसाठी, आणि आम्हालाच आत सोडायचं नाही. पण नियम चांगला आहे हो, नियमाला मी नावं ठेवत नाही...

म्हणे, विजेवरची बस आहे. आहे की! थांब्यावर तिचं चित्र आहे, मागे झाडं, वर निळं आभाळ. बस तेवढी आली नाही. शेवटी गाडी तिथेच कडेला लावून अण्णांचा हात धरून निघालो चालत, ते थांबताहेत, खोकताहेत, शेजारून नव्याकोऱ्या गाड्या सुळकन आत जाताहेत, एकेकीत एकेक माणूस, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू, सरकारचा, त्या पोलिसाचा, सगळ्यांचा उद्धार! अण्णा एका दुकानाच्या पायरीवर टेकले. धाप जरा कमी झाल्यावर म्हणाले, "त्या पोराला कशाला बोलतोस? मी नोकरीला लागलो तेव्हाच हवा होता रे हा नियम."

आता बोला. ज्यांच्यासाठी घसा कोरडा करतोय, तेच सरकारच्या बाजूने! खरं सांगतो, भर रस्त्यात रडू आलं मला.

हॉस्पिटलात पोचलो तर नंबर गेलेला. खिडकीतली बाई मान वर न करता म्हणते, "उशीर केलात, काका. जरा लवकर निघायचं."

म्हटलं, खरंय बाई. चाळीस वर्षं उशीर झाला. द्या पुढची तारीख.