पेनड्राइव्ह अजून आतच आहे

नाही घेत हो, वकीलबाई, मागच्या खेपेलाही सांगितलं ना — नाही घेत. थांबा, तुमच्यासमोर पेनड्राइव्ह लावतो. हा लावला. दिवा लागला त्याचा, दिसतोय? आता वर कोपऱ्यात बघा, नाव आलं. त्याच्यावर दाबलं, कचेरी निवडली — आणि ही आली पाटी. जोडता येत नाही म्हणतो. आता काय करणार? यंत्र आहे, बिघडलं असेल. आणि जरा हळू बोला — म्हणजे तुम्ही हळूच बोलताय, मीच मोठ्यानं बोलतोय — आत पोरीची आई झोपलीय. दुपारी काय तेवढा डोळा लागतो तिचा, रात्री काही खरं नाही. बसा ना, उभ्या का? त्या खुर्चीवर नको, ती जरा डुगडुगते. तिची आहे म्हणून नव्हे, खरंच डुगडुगते. या स्टुलावर बसा.

कचेरी म्हणजे? अहो, मीच ठेवलेली नावं ती. तुम्हाला वेगळं काय सांगायचं, तुमच्या ऑफिसात सगळे असलेच कॉम्प्युटर, तुम्हीच तिला हा बसवून दिलात. पण मला ती समजवायची ना — बाबा, एका कॉम्प्युटरच्या पोटात पुष्कळ कॉम्प्युटर असतात, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना, एका छपराखाली राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे भाऊबंदच की! हसली किती. दोन दिवस आठवून आठवून हसत होती. मग मीच एकेकीला नाव दिलं. आमचं घर दोन खोल्यांचं आणि हिच्या डब्यात एवढ्या खोल्या, नावं नकोत? पेनड्राइव्ह लावला की तो आधी ओटीवर. परका माणूस चपला घालून थेट स्वयंपाकघरात शिरतो का? ओटीवर बसतो. मग आपण ठरवायचं त्याला कुठल्या खोलीत न्यायचं, आणि नेला त्या खोलीत की बाकीच्यांना पत्ता नाही. कचेरीत तुमच्या केसेस. तिजोरीत किल्ल्या — तिला तर इंटरनेटचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही. आणि कुणी अनोळखी माणसानं काही दिलं असेल, तर ते आधी धर्मशाळेत उघडायचं. ही बघा, लाल काठाची. धर्मशाळेचं दार लावलं की सगळं साफ — कोण आलं, काय बोललं, काही उरत नाही, पुढच्या वेळी कोरी करकरीत. मला गंमत वाटायची. मी बाइंडर माणूस, जन्मभर लोकांची सुटी पानं एकत्र शिवली, आणि माझी मुलगी जे ते वेगळं वेगळं ठेवायची. म्हणायची, बाबा, तुमचं पुस्तक भिजलं तर अख्खं भिजतं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही उघडणार, ते तुम्हालाही ठाऊक आहे. कुलूप पेनड्राइव्हवर आणि किल्ली इथल्या तिजोरीत. म्हणून तर तिच्या पर्समधला हा घेऊन तुम्ही पुन्हा पुन्हा येताय. उद्या तारीख आहे, कळतंय मला. त्या शिवणकारखान्यातल्या बायका तुमच्या ऑफिसच्या जिन्यावर येऊन बसत असतील. त्यांच्या सुपरवायझरचा आवाज आहे ना यात? ऐकून उठली की जेवायची नाही ही. आई म्हणायची, अगं, दोन घास खा — तर म्हणायची, तो माणूस काय काय बोलतो गं, मला गिळवत नाही. तर ते आहे. मी काही ते नाकारत नाही. पण यंत्रच घेत नसेल तर —

काय बघताय? ती लाल खिडकी ना? ती काही नाही. राहिलीय अशीच उघडी. असू द्या. अहो, माउसला हात नका लावू! नका लावू म्हणतो ना!

…माफ करा. ओरडायला नको होतं. उठली की काय ती? नाही. झोपलीय. माफ करा.

वाचलंत का तुम्ही? वाचा. अक्षरं मोठी केलीत तिनं, माझ्या चष्म्यासाठी. ‘बाबा, पेनड्राइव्ह लावला की वर कोपऱ्यात त्याचं नाव येईल. त्यावर दाबा. मग खोली निवडा. घाबरू नका, तुमच्या हातून काही मोडत नाही. काम झालं की आधी’ — बस. इथपर्यंतच. ती रेघ बघा कशी लुकलुकतेय, ‘आधी’च्या पुढे. मला पुढचं ठाऊक आहे हो, शंभरदा सांगायची — आधी खोलीतून सोडवा आणि मग ओढा. त्या दिवशी सकाळी एका बाईनं आणून दिलेलं काहीतरी याच पेनड्राइव्हवर होतं, ते ती धर्मशाळेत बघत बसली होती. मी मागे येऊन उभा राहिलो, म्हटलं, तू नसताना मला एकट्याला कसं जमायचं गं हे? तर म्हणाली, लिहूनच देते, म्हणजे माझं डोकं खाणार नाही. आणि तिथेच, त्याच लाल खिडकीत लिहायला लागली. मग फोन आला. आणि तिनं — जिनं मला यावरून चारचौघांत झापलंय — तिनं तो तसाच उपटला, पर्समध्ये टाकला आणि पळाली. मी म्हटलं, अगं चहा! तर जिन्यातून म्हणाली, आल्यावर.

हो. आता तुमच्या लक्षात आलं. धर्मशाळेला वाटतंय, पेनड्राइव्ह अजून आपल्याकडेच आहे. कुणी सांगितलंच नाही ना तिला, की तो गेला. ती धरून बसलीय, आणि ती सोडत नाही तोवर कचेरी त्याला घेणार नाही. सोडव म्हटलं तर सोडवता येत नाही — जे हातात नाहीच ते सोडणार कसं? एकच इलाज. ती खोली बंद करायची. मग लागतो. बिघडलं-बिडलं काही नाही.

मला माहीत होतं? होतं. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाही होतं. खोटं बोललो मी तुमच्याशी. पण खोली बंद केली की तीही जाणार हो. ती… ते लिहिलेलं.

फोटो? काढलाय ना. मोबाइलवर आहे, छापूनही आणलाय. दुसरीकडे उतरवून ठेवता येतं, तेही जमतं मला. शब्द कुठे जात नाहीत, वकीलबाई. पण फोटोतली रेघ लुकलुकत नाही. इथं बसलं की वाटतं, फोनवर बोलतेय बाहेर, येईल आणि पुढचं लिहील. वेडेपणा आहे, मला कळत नाही का? मी स्वतः अग्नी दिलाय तिला. पण लाइट जाऊन हे बंद पडू नये म्हणून मी ती मोठी बॅटरी आणलीय, बघा टेबलाखाली. जेवायला उठलो तरी इकडे कान असतो, पंखा फिरतोय ना त्याचा.

आणि फोन कुणाचा होता ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी काही म्हणत नाहीये. तुमचा काय दोष? सुनावणी अचानक लागली, तुम्ही बोलावलंत, ते तुमचं कामच आहे. …नाही. म्हणतोय. म्हणतोच आहे मी. ‘असशील तशी ये’ म्हणालात ना तुम्ही? मला इथपर्यंत ऐकू आलं. आणि ती तशीच गेली, चष्मा डोक्यावर तसाच. रस्ता ओलांडताना चष्मा डोक्यावर! आणि त्या दिवशी झालं काय तुमच्या कोर्टात? तारीखच पडली ना? पुढची तारीख! जजसाहेब दुसऱ्या कामात होते म्हणे. माझी पोर ज्याच्यासाठी धावली ते त्या दिवशी झालंसुद्धा नाही. एवढं तरी व्हायला हवं होतं हो. एवढं तरी.

रडू नका. अहो, रडू नका तुम्ही. तुम्ही रडलात की मला तुमच्यावर रागावता येत नाही, आणि रागावण्याशिवाय मला दुसरा उद्योग नाही आता. पाणी देऊ? नको? बरं.

आता कुठे निघालात? पेनड्राइव्ह इथेच टाकून? राहू द्या म्हणजे काय, असं कसं राहू द्या? उद्या काय सांगणार त्या बायकांना — की एका म्हाताऱ्याला खिडकी बंद करवेना? नाही, तुम्ही खरंच जाल, मला दिसतंय. चांगल्या आहात तुम्ही. ती सांगायचीच घरी येऊन, आमच्या मॅडम चांगल्या आहेत. मलाच पटवून घ्यायचं नव्हतं. बसा. बसा म्हणतो ना. तुम्ही नका करू, मी करतो. तुमच्या हातून झालं तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही, आणि तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं वकिली करायचीय.

इथं दाबायचं. मग हे. आता विचारतंय, नक्की बंद करायची का, आतलं सगळं जाईल. थांबा हं. जरा थांबा. एकदा वाचतो. …घाबरू नका म्हणतेय. बघा ना, मलाच म्हणतेय.

…

गेली.

आता नाव आलंय कोपऱ्यात. दाबलं. कचेरी. बघा — घेतला. मुकाट्यानं घेतला. किल्ली तिजोरीतून मी देतो, ही घ्या. उघडलं? आवाज नका लावू इथे, त्या माणसाचा आवाज नको या घरात. घ्या उतरवून काय हवं ते. …झालं? सगळं आलं? नीट बघून घ्या. बरं. मग हा पेनड्राइव्ह धरा. आणि काही बोलू नका, वकीलबाई, उद्याचंही काही बोलू नका.

आता निघा. नाही, चहाबिहा काही नको, तिची आई उठायच्या आत निघा. ती या खोलीत येत नाही, कधीच आली नाही तेव्हापासून. पण रोज उठली की पदर सावरत दारात उभी राहते, आत न बघता मला विचारते — आहे ना अजून? मी म्हणतो, आहे. तेवढं ऐकून जाते चूल पेटवायला. आज काय म्हणायचं ते मला ठरवायचंय, आणि तुमच्यासमोर नाही ठरवता येणार. जा. दार ओढून घ्या — हळू.