रविवारी जोडायचा कॉम्प्युटर

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं ठमे, तू? गुरुवारी दुपारी कशी काय उगवलीस? … नाही गं, दुकानातच आहे. मी कुठे जाणार. बोल.

… गिऱ्हाईक आहे समोर, पण असू दे. मॅडम, दोन मिनिटं बसा हं, मुलीचा फोन आहे. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो… हां, त्या स्टुलावर. … तुला नाही गं, मॅडमना म्हणालो. त्यांच्या लॅपटॉपवर चहा सांडलाय.

… हे बघ, रविवारचं रद्द करायला फोन केला असशील तर आधीच सांगतो, मी ऐकून घेणार नाही. टेबल रिकामं केलंय मी. घरातलं, दुकानातलं नव्हे. त्यावरचा तीन वर्षांचा पसारा पलंगाखाली ढकललाय. प्रोसेसरवर लावायची नवी पेस्ट आणलीय, स्क्रू ठेवायला वाट्या घासून ठेवल्यात. तुझ्यासाठी एक स्क्रूड्रायव्हर वेगळा काढलाय, माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही. … हो, हो, ऐकतोय. … मदरबोर्ड आला? वा. कधी? … मंगळवारी. मग डबा फोडू नकोस, तसाच घेऊन ये रविवारी…

… फोडला?

… बरं, फोडला तर फोडला. बघावासा वाटणारच. पण पिशवीतून बाहेर काढू नकोस, हाताचा… काय?

… चालू केला?

… थांब. थांब जरा. चालू केला म्हणजे… प्रोसेसर बसवून? रॅम बसवून? कॅबिनेटमध्ये घालून? … सगळं. … नाही, राग कशाला येईल. विचारतोय नुसतं. … आणि आता तो बंद पडतोय. … असं. म्हणून बाबाची आठवण झाली.

… टोमणा कसला त्यात. झालं ते म्हणतोय. … बरं, राहिलं. नीट सांग. किती वेळाने बंद पडतो? … चार मिनिटं. कधी पाच. पंखा फिरतोय का? … कॅबिनेटचा नाही गं, प्रोसेसरच्या डोक्यावर कूलर असतो ना, त्याचा. … फिरतोय. बरं. आता चालू कर आणि लगेच डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस उघडेल. … उघडलं? वर डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान लिहिलेलं असेल. वाच. … किती? … परत वाच. … ब्याण्णव. आणि चढतंय. … बंद कर आधी. मागचं बटण. … केलंस? शाबास.

आता मला सांग, ओव्हरक्लॉक केलायस का? … खरं सांग. … थेट पाचवर? अगं, पहिल्याच दिवशी पाच गिगाहर्ट्झ? मी तुला काय लिहून दिलं होतं? आधी आठवडाभर कंपनीने दिलेल्या वेगावर चालवायचा. मग थोडा-थोडा वाढवायचा, आणि दर वेळी तासभर ताण देऊन बघायचं, टिकतोय का. कागदावर लिहून दिलं होतं, तारखा टाकून. … व्हिडिओत बघून केलं. कोणी बघितला व्हिडिओ? … आत्ता तू "आम्ही" म्हणालीस. आम्ही म्हणजे कोण?

… हं.

… नाही, येतंय ऐकू. लाइन ठीक आहे. … काकांनी. डॉक्टरकाकांनी बसवला. … त्यांचा दवाखाना दुपारी बंद असतो, आणि ते म्हणाले, कशाला थांबायचं रविवारपर्यंत. … बरोबर आहे. कशाला थांबायचं.

… अगं, तुझ्या आईने त्यांच्याशी लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली, मी कधी काही बोललोय का? … बोललोय? ते एकदाच. … दोनदा. बरं. आत्ता काही बोलत नाहीये. दाताच्या डॉक्टरने मदरबोर्ड बसवला, एवढंच म्हणतोय. पेस्ट किती लावली? … भरपूर. वाटलंच मला. दाढेत सिमेंट भरतात तशी भरली असणार.

… हसू नकोस. … कोण हसलं मग? … ठमे, फोन स्पीकरवर आहे का? … कधीपासून? … पहिल्यापासून. म्हणजे मी वाट्या घासल्याचंही ऐकलं त्यांनी.

… नमस्कार, डॉक्टर. … हो, मजेत. तुम्ही? … नाही हो, गैरसमज कसला. तुम्हाला वेळ होता, हाताला वळण आहे, केलंत. … दाढेचं ते आपलं गमतीने म्हटलं. … बरं, आधी तो पाचचा आकडा काढू. पुन्हा चालू करा. शेवटच्या पानावर डिफॉल्ट असं लिहिलेलं असेल, तिथे एंटर मारा. … हो, केलेलं सगळं जातं, जाऊ दे. … आता मिनिटभर थांबून तापमान सांगा. … अठ्ठ्याऐंशी. … नव्वद. करा बंद. म्हणजे वेगाचा दोष नाही, मुळातच तापतोय तो.

कूलरचे चारही स्क्रू नीट आवळलेत ना? एक इकडचा, एक समोरचा, असे? … काय बोलता. तुम्ही हाताने काम करणारे, आवळलेच असणार.

… ठमे, कूलर बसवत होते तेव्हा तू कुठे होतीस? … आतल्या खोलीत. कॉलेजचा फोन आला होता. … म्हणजे तू बघितलं नाहीस बसवताना. … परत आलीस तेव्हा बसलेला होता. … असं होय.

… नाही, काही नाही. विचार करतोय.

मॅडम, अजून दोनच मिनिटं. … हो, मुलीचाच कॉम्प्युटर. आम्ही दोघं मिळून रविवारी… नाही, आता झालाय जोडून. त्यांच्याकडेच जोडला.

… काय म्हणता, डॉक्टर? … बोर्डच खराब निघाला असेल? … हां… असू शकतं. … नाही, म्हणजे निघतात खराब कधीकधी. … देऊन टाका परत. बदलून देईल दुकानदार. चार-सहा दिवस लागतील, लागू देत. … मी काय म्हणतो, सगळं सोडवा, डब्यात भरा. आणि ठमे, तू रविवारी बाकीचं सामान घेऊन इकडे ये. कॅबिनेट साफ करू, वायरी नीट लावू, बोर्ड आला की पहिल्यापासून जोडू. … हो, पहिल्यापासून. जेवायलाच थांब. …

… सोमवारी काय आहे? … सोमवारी द्यायचंय ॲनिमेशन? तू तर पुढच्या महिन्यात म्हणाली होतीस. … तारीख अलीकडे आणली. कधी कळलं तुला? … मंगळवारी. अगं, मग मला सांगायचंस ना. मी मंगळवारीच आलो असतो, दुकान बंद करून आलो असतो. … भीती कशाची? … मी चिडेन म्हणून. … आई म्हणाली, त्याला विचारू नकोस, तो आधी तासभर चिडतो आणि मग मदत करतो. … हं. ओळखते ती मला.

… रडतेयस का? … अगं… ठमे… वर्षभराचं काम आहे, माहितेय मला. त्यातल्या म्हातारीचा हात हलताना दाखवायला तू महिना घातलास, तेही माहितेय. … ऐक. ऐक ना बाळा. जुन्या कॉम्प्युटरवर कशाला करायला लागेल? … रडायचं थांब आधी. बोर्ड खराब नाहीये.

… नाही, चांगला आहे बोर्ड. काय झालंय ते कळलंय मला. … आत्ता नाही, मघाशीच कळलं. … कळलं, तरी बोललो नाही. … का म्हणजे काय? नाही बोललो. वाटलं, जाऊ दे परत, रविवार तरी मिळेल. … हो. असा आहे तुझा बाप. डॉक्टर, तुम्हीही ऐका, लपवण्यासारखं काही राहिलं नाही आता.

कूलर काढायचाय. ठमे, तू काढ. डॉक्टरांना फोन धरू दे. … चारही स्क्रू थोडे-थोडे सैल कर, एकदम एक नको. … झाले? सरळ वर ओढू नकोस, प्रोसेसर उपटून येईल. डावीकडे-उजवीकडे जरा फिरव… हळू… निघाला? आता उलटा कर. तळाशी काय दिसतंय? … पेस्ट दिसणारच, ती पूस. … कुठलंही सुती कापड चालेल. … पुसलंस? आता नखाने कोपरा खरवड. … आलं काही हाताला? … प्लास्टिक. हां. पारदर्शक फिल्म. तिच्यावर लिहिलेलं असतं, बसवण्याआधी काढा म्हणून. पण अक्षरं इतकी बारीक, कोणी बघत नाही. ती मध्ये असली की उष्णता कूलरपर्यंत पोचणार कशी? पंखा कितीही फिरला तरी काय उपयोग.

… नाही, डॉक्टर, तुमची चूक म्हणत नाहीये मी. तुम्ही कधी बसवलाय कूलर, तुम्हाला कसं ठाऊक असणार.

… ठमे, आपल्याकडे हे काम कोणाचं होतं? … सांग ना. … तुझं. पाच वर्षांची होतीस तेव्हापासून. मी कूलर हातात धरून हाक मारायचो आणि तू असशील तिथून पळत यायचीस. स्क्रीन असो, कॅबिनेट असो, गिऱ्हाइकाचा माल असला तरी फिल्म सोलायचीस तूच. एकदा तुला शाळेतून यायला उशीर झाला तर मी गिऱ्हाइकाला तासभर बसवून ठेवलं होतं. … आठवतं ना? म्हणून तर मघाशी ओळखलं मी. तुला वाटलं, कोणी हाक मारली नाही म्हणजे फिल्म नसेलच. … तेच. आणि डॉक्टरांना काय माहीत, हाक मारायची असते ते.

सोल आता. … थांब, फोन जवळ धरायला सांग. … हं. … आला आवाज. … आला, आला.

… पेस्ट उरलीय का? … वाटाण्याएवढी, मधोमध. पसरवायची नाही, कूलर दाबला की ती आपोआप पसरते. … हां. स्क्रू आता तिरके-तिरके. … वायर लावलीस पंख्याची? … कर चालू. …

… किती? … छत्तीस. … थांब, घाई नको. … अडतीसवर थांबलं? झालं मग. झालं ठमाबाई तुमचं काम.

… वेग? सोमवारपर्यंत हात लावू नकोस त्याला. … कळतंय गं, एवढ्या फ्रेम आहेत, नाही वाढवला वेग तर पुऱ्या होणार नाहीत. … बरं. चार पॉइंट सहा. पाच नाही. व्होल्टेज एक पॉइंट पंचवीस, त्याच्यावर जायचं नाही, व्हिडिओतला कोणीही काहीही सांगो. आणि आधी तासभर ताण देऊन बघायचं. ऐंशीच्या वर गेलं की वेग खाली आणायचा. डॉक्टर, लिहून घेताय ना? … घ्या. ती विसरते.

… आणि रविवार… हो, रविवारी तू कामच करणार, सोमवारी द्यायचंय. कळतं मला. … पुढच्या रविवारी? कशाला पण? जोडायचं काय राहिलंय आता? … असंच यायचं म्हणतेस. … बघू. … बघू म्हणजे बघू गं, मला तरी कुठे जायचंय. स्क्रूड्रायव्हर काही नासत नाही.

… नाही, डॉक्टर, आभार कसले. माझीच मुलगी आहे.

… बरं, ठेव आता. … नाही, तू ठेव. … ठेव.

…

… हॅलो? ठमे, तुमचा फोन चालूच आहे. … हॅलो? … टेबलावर ठेवलाय वाटतं. … झालंच मॅडम, त्यांनी फोन बंद केला नाही. … हसतायत. हसू देत, चालला कॉम्प्युटर. … ताण देऊन बघतायत वाटतं. बासष्ट म्हणतेय ती. बासष्ट चांगलं आहे. …

हां, बोल बाळा. … इथेच आहे मी, काय झालं? … हॅलो? …

…

… नाही, मॅडम, फोन कट नाही झाला. तिने "बाबा" म्हणून हाक मारली, मला वाटलं मला. … त्यांना मारली. … हो ना. माझ्याशी बोलताना काका म्हणते.

… ठेवतो. मीच ठेवतो.

द्या तो लॅपटॉप इकडे. चहा साखरेचा होता की बिनसाखरेचा?