एक्याण्णवला भागायचं कोणी?

ईस्टरच्या उपवासाआधीचा, सेमला खायचा मंगळवार, त्यामुळे स्वीडनमधल्या उप्सालाच्या त्या बेकरीत ही गर्दी. काचेमागचे क्रीम भरलेले सेमला पाव भराभर संपत होते. माझ्या रांगेच्या चिठ्ठीवर ब्याण्णव, पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या चिठ्ठीवर एक्याण्णव.

“एक्याण्णव! मूळ संख्या, रागनहिल्ड! आज अख्खा सेमला माझा.”

“डॉक्टरांनी अर्धाच सांगितलाय, टोर्केल.”

“पण आपलं ठरलंय ना? चिठ्ठीवर मूळ संख्या आली तर अख्खा. जिला कोणी भागू शकत नाही, तिच्या सेमल्यालाही नाही.”

“आधी भागून तर बघू. दोनाने?”

“विषम आहे गं.”

“तिनाने?”

“नऊ आणि एक दहा. नाही जात. पाचाने तर नाहीच.”

“साताने?”

“साताने कशाला? चेहऱ्यावरूनच मूळ दिसते.”

“चेहऱ्यावरून तर तूही शहाणा दिसतोस. सात दाहे सत्तर, उरले एकवीस. सात त्रिक एकवीस. म्हणजे तेरा सत्ते एक्याण्णव!”

“तेरा अपशकुनी असतो. तो धरायचा नाही.”

“अरे, शाळेत गणित शिकवायचास ना तू?”

“भूगोल!”

फळ्यावर एक्याण्णव लागला. काउंटरवरची मुलगी थांबली. रांगेतले सगळे आपापले बूट बघत राहिले. अनोळखी माणसांच्या बोलण्यात मध्ये पडायचं कसं? मीही बूट बघितले. मग ब्याण्णव लागला.

शेवटचा सेमला खोक्यात घेऊन मी दाराकडे निघालो. टोर्केल नवी चिठ्ठी घेऊन आला होता.

“सत्त्याण्णव! आता बोल!”

“थांब. साताने... नाही जात. तेरानेही नाही. मूळ आहे रे बाबा. जा, अख्खा तुझा.”