अटक होणाऱ्यांची घावनं

अरे, परवा आमच्या चाळीत काय झालं ऐक. सत्याग्रहाला जाणाऱ्यांसाठी घरटी चपात्या द्यायचं ठरलं. आता आमच्या घरात गव्हाचा कणसुद्धा येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, गहू बाधतो. चपातीचा तुकडा पोटात गेला तरी आठवडाभर आजारी पडते, म्हणून डॉक्टरनी कायमचा बंद केलाय. मग आईने तांदळाची घावनं दिली.

शेजारच्या सावंतकाकी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वयनी, मोर्चात घावन कोण खातलो गो?"

आईचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकंच फिरलं. मी डबा उचलला आणि खाली अंगणात जाऊन ओरडलो, "घावनं फक्त अटक होणाऱ्यांना! बाकीच्यांनी चपात्या घ्या!"

झालं! जो तो छाती काढून पुढे. "मला अटक होणार!" "मलापण!" आमच्या चाळीतले तात्या पोलीस दिसला की संडासात लपतात, ते म्हणतात, "मला दोन दे, मी दोनदा जाणार!" सावंतकाकांनी तर रांगच मोडली.

डबा साफ! आई पोट धरून हसत होती. तेवढ्यात बेबी आली. "आई, माझं घावन?"

उरल्या होत्या फक्त चपात्या. बेबीने भोकाड पसरलं. आईने भिजवलेल्या तांदळाचं पातेलं माझ्यासमोर आपटलं. "बस रगड्यावर!"

सत्याग्रही दुसऱ्या दिवशी सुटून आले रे. माझी सक्तमजुरी अजून चालूच आहे, कारण पुढच्या तुकडीने निरोप पाठवलाय, चपात्या नकोत म्हणून.