कढईतलं नाव

आमच्या आर्णीच्या वहिनीचं तुमाले सांगतलं का? दोन लहान पोरी आहेत, दोघीईले घरीच शिकवते. अन् त्यापायी घरचं एक काम मागं पडत नाही.

या उन्हाळ्यात कुरडया घालायच्या होत्या. वहिनीनं गव्हाचा चीक सोऱ्यात भरला अन् पोरीईले म्हणे, "सांगा, हात कसा फिरवू?" पोरी सांगत, "आधी गोल, मग दांडी," अन् वहिनी तसाच सोऱ्या फिरवे. गच्चीवरची सारी स्लॅब अक्षरांनी भरली. नेहमीची गोल कुरडई एक नाही!

पुढच्या हप्त्यात आमचे बबनमामा आले. जेवायले बसले अन् सुरू झाले, "सूनबाई, पोरीईले शाळेत काहून नाही टाकत? दिवसभर चुलीपाशी बसून काय शिकतीन?"

 मोठ्या पोरीनं कुरडयाचा डबा उघडला, तीन कुरडया निवडून आईजवळ तळायले दिल्या. पहिली तळून झाली, ती मामाच्या ताटात ठेवली. ते अक्षर होतं 'ब'. मामानं मोडायले हात घातला तशी पोरगी ओरडली, "थांबा आबाजी! तुमचं बाकीचं नाव कढईत आहे!"

मामा हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले. दुसरा 'ब' आला, मग 'न' आला. मामानं वरण खाल्लं, भाजी खाल्ली, नावाले बोट लावलं नाही. निघताना ते रुमालात बांधून घेतलं, अन् दारातून वळून हळूच विचारलं,

"सूनबाई, आडनाव कधी घालशीन?"