पाठमोरी माणसं

बहीण : अजून किती वेळा बघशील, दादा?

दिग्दर्शक : मागे घे. ती बाई भांडी खोक्यात भरायला बसते, तिथून. हां. आता थांबव. हा सीन काढून टाकायचा.

सहायक : पूर्ण, सर?

दिग्दर्शक : पूर्ण. आणि राग मानू नकोस. मी इस्पितळात पडलो तेव्हा अर्धा राहिलेला सिनेमा तू पुरा केलास, उपकार आहेत तुझे. पण हे बघ, बायको घर सोडून निघालीय आणि तू तिला कॅमेऱ्याकडे पाठ करून बसवलंस. का?

सहायक : सर, ते...

दिग्दर्शक : तिच्या मनात काय चाललंय ते तुलाच ठाऊक नाही, म्हणून. माणूस पाठमोरा बसवला की सिनेमा माझ्यासारखा दिसतो, बास! अरे, माझ्याकडे त्याला कारण असायचं. ही नुसती नक्कल झाली.

सहायक : हो, सर.

बहीण : हो सर काय? तोंड शिवलंय का तुझं?

सहायक : ताई, जाऊ द्या ना.

दिग्दर्शक : काय जाऊ द्या? माझं अंग लुळं पडलंय, कान नाही. काय कुजबुजताय?

बहीण : काही नाही. पुढचा सीन बघ आधी.

(ती पुढचा सीन लावते. शिवणयंत्राची खडखड ऐकू येते, मग थांबते.)

दिग्दर्शक : आहा! हे बघ. बायको गेल्यावर शिंपी मशीनवर बसलाय. तोंड दिसतच नाही. कापड सरकतंय, सरकतंय, आणि मग हात तसाच त्यावर पडून राहतो. छोटे, हे मी कधी घेतलं गं?

बहीण : आठवत नाही तुला?

दिग्दर्शक : त्या दुखण्याने शूटिंगचे दिवस पार पुसून टाकलेत. पण बघताक्षणी कळतं ना! नाव वाचायची गरजच नाही. सिनेमा घेणारा माणूस कुठे उभा राहून दुसऱ्याच्या दुःखाकडे बघतोय, ते कळलं की तो ओळखू येतो. जन्म घालवला मी त्यासाठी. शिकून घे, बाबा.

सहायक : शिकतोय, सर.

बहीण : मला नाही ऐकवत आता. दादा, उलटं आहे सगळं.

दिग्दर्शक : काय उलटं?

बहीण : भांडी भरणारी बाई तू घेतलीस. आजारी पडायच्या थोडं आधी. शिंपी ह्याने घेतलाय.

सहायक : कशाला सांगितलंत, ताई?

बहीण : तो स्वतःचाच सीन कापायला लावतोय आणि तू नंदीबैलासारखी मान हलवतोयस, म्हणून!

दिग्दर्शक : खोटं बोलतेयस.

बहीण : तुझे सिनेमे कापता कापता माझे केस पिकले. आज खोटं बोलून काय मिळवू?

दिग्दर्शक : ...तू. शिंप्याला पाठमोरा का बसवलास?

सहायक : त्या नटाची आई नुकतीच गेली होती, सर. तसाच कामावर आला. कॅमेरा समोर आणला की त्याचा चेहरा नुसता थरथरायचा, आणि सगळं युनिट टक लावून बघत होतं. मी म्हटलं, भिंतीकडे तोंड करून बसा, आणि शिवत राहा.

बहीण : तुझ्या पहिल्या सिनेमात तू हेच केलं होतंस. ती नवीन मुलगी, सगळ्यांदेखत रडायची लाज वाटत होती तिला. तू तिला खिडकीकडे वळवलंस. थोर विचारबिचार काही नव्हता त्यात. तुला तिची दया आली.

दिग्दर्शक : आणि लोक म्हणाले, काय शैली आहे.

बहीण : लोक म्हणाले आणि तू ऐकलंस. मग जो येईल त्याला भिंतीकडे वळवत सुटलास. मी एकदा बोलून दाखवलं तर माझ्याशी अबोला धरलास.

दिग्दर्शक : तेवढं मात्र आठवतंय. म्हणजे मी माझीच नक्कल... कधीपासून गं?

बहीण : आता कशाला ते.

दिग्दर्शक : सांग.

बहीण : बरेच सिनेमे झाले, दादा.

दिग्दर्शक : हं. ...अरे, मग तुझ्यात आहे ते! तू स्वतःचा सिनेमा कर. मी शब्द टाकतो कुणाकडे तरी.

सहायक : केला होता, सर. तुम्हाला बघायला यायला जमलं नाही. सगळ्या पेपरवाल्यांनी लिहिलं, सरांची सावली. खोटं नव्हतं ते. कॅमेरा कुठेही ठेवला की आधी मनात येतं, सर इथे उभे राहिले असते का? शिंप्याला वळवलं तेव्हाही तेच. मला त्याची दया आली, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. तुम्हाला आली असती, एवढं माहीत होतं.

दिग्दर्शक : असं नको बोलूस.

सहायक : माझं असं काय आहे, पुष्कळ शोधलं, सर. काही हाती लागलं नाही.

बहीण : चहा मागवू का?

दिग्दर्शक : छोटे, तो भांड्यांचा सीन काढ.

बहीण : दादा, तू आता पुन्हा सेटवर जायचा नाहीस. तुझ्या हातचं हे शेवटचं. असू दे की जसं आहे तसं.

दिग्दर्शक : माझे सगळेच काढता येतील का?

बहीण : मग सिनेमाच उरत नाही.

दिग्दर्शक : मग निदान तेवढा एक काढ.

बहीण : ...काढला.

सहायक : सर, निर्माते विचारत होते, दिग्दर्शक म्हणून नाव कुणाचं घालायचं. मी सांगितलंय, सरांचंच.

बहीण : दोघांचं घाल ना, दादा. एवढं तरी कर त्याच्यासाठी.

दिग्दर्शक : मला नको आहे का? पण ह्याचं नाव दिसलं, की शिंपी बघून लोक म्हणतील, सरांची नक्कल मारली.

सहायक : म्हणतीलच.

दिग्दर्शक : माझं एकट्याचं असलं, तर गप्प बसून बघतील.

सहायक : मग तुमचंच असू दे, सर. बघितला तरी जाईल.