दहा एप्रिलचा तक्ता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय जयसिंगराव शितोळे साहेब, व्यासपीठावरील समितीचे सन्माननीय सदस्य, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे सदस्य-सचिव आदरणीय भीमराव सोनकांबळे साहेब, सौ. कौशल्याताई, कंपन्यांचे आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी भाषण लिहून आणले आहे. न लिहिता बोलले तर चुकेन, अशी भीती वाटते. अध्यक्षसाहेब मघाशी जिन्यात म्हणाले, “चार शब्द छान बोला, मग अहवालावर सह्या, मग जेवण.” साहेब, चार शब्द बोलते. पुढचेही ऐकून घ्यावे, ही विनंती.

सोनकांबळे साहेबांच्या हाताखाली मी तीन वर्षे काम केले. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘बहुतेक कामगार’ असे नऊ ठिकाणी होते. साहेबांनी नऊही ठिकाणी समासात लिहिले, ‘हे बहुतेक कोणत्या गावचे?’ मी रडकुंडीला आले होते. साहेब म्हणाले, “अहो पूर्णिमा, आपण अहवाल लिहितोय. शुभेच्छापत्र असतं तर चाललं असतं.” त्यानंतर तो शब्द मी घरीसुद्धा जपून वापरते.

मालकाने कामगाराला आरोग्य विमा द्यावा, हा आपल्या राज्याचा कायदा. पाच वर्षांनी त्याचा आढावा घ्यावा, हे कायद्यातच लिहिले आहे. तो आढावा म्हणजे समोरच्या टेबलावर शालीशेजारी ठेवलेला अहवाल. त्यातला चौथा तक्ता मी केला. आयटी कंपन्यांत सफाई, कॅन्टीन, पहारा अशी कामे करणारे चारशे बारा कंत्राटी कामगार. त्यांतले किती विमाधारक? तीनशे एकोणनव्वद. त्या आकड्यावरून समितीने लिहिले, कायदा नीट चालतो, बदलाची गरज नाही.

ते तीनशे एकोणनव्वद एकतीस मार्चचे आहेत. तारीख मी निवडली. आपल्याकडे सगळे एकतीस मार्चला मोजतात, म्हणून मीही मोजले. दुसरा विचार मनात आला नाही.

मागच्या रविवारी यादीतली एक सही राहिली होती म्हणून मी मांजरी गावात सुंदराबाईंकडे गेले. त्या खराडीच्या एका इमारतीत पाच वर्षे सफाईला आहेत. त्यांनी डब्यातून विम्याची पाच कार्डे काढून माझ्यापुढे पत्त्यांसारखी मांडली. मजला तोच, झाडू तोच, कंत्राटदार पाच. दर एकतीस मार्चला कंत्राट संपते, कामगारांना पंधरा दिवसांचा ब्रेक मिळतो, मग नवा कंत्राटदार, नवे कार्ड. एप्रिलच्या नऊ तारखेला त्यांच्या पित्ताशयातले खडे दुखायला लागले. दवाखान्यातल्या मुलीने कार्ड उलटून मुदत बघितली आणि ते परत दिले. आता नवे कार्ड आले आहे, पण त्यावर जुन्या आजाराला दोन वर्षे काही मिळत नाही. ऑपरेशन राहिलेच आहे. मी विचारले, दुखते का? त्या म्हणाल्या, “दुखतंय की. पन ताई, तुमच्या कागदावर मी इमावाली हाय न्हवं? मग तुमीच सांगा दवाखान्यात.”

सोमवारपासून माझा सहकारी प्रज्ञेश याने आणि मी त्याच चारशे बारा जणांची हजेरी आणि कार्डे पुन्हा तपासली. दहा एप्रिलला विमा होता सत्त्याण्णव जणांना.

दम्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा कर्वेनगरला घरीच झाली. आत्या शिकवायची. तिच्याकडे खोडरबर नव्हते. चुकीवर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचे, आणि खालचे वाचता आले पाहिजे. काय चुकले हे झाकायची सवय तिने मला लावलीच नाही.

गुरुवारी मी दोन्ही तक्ते साहेबांसमोर ठेवले. त्यांनी एकच विचारले, “सत्त्याण्णव? खात्री आहे?” मी हो म्हटले. त्यांनी फाइल मिटली आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी बाहेर आले. काल कार्यक्रमपत्रिका लागली. अक्षर साहेबांचे. इतर वक्त्यांना तीन मिनिटे, मला सात. का, ते मी विचारले नाही. माझ्या सोयीचा अर्थ काढायला मला भीती वाटते.

कारण मी मागणार आहे ते लहान नाही. अहवालावर आज सही झाली, तर सदस्य-सचिव म्हणून साहेबांचे नाव त्यावर कायमचे राहील. तीन वर्षांची मेहनत, तेवढा त्यांचा हक्क आहे. तक्ता बदलला तर निष्कर्ष बदलेल, महिना जाईल, आणि सही दुसऱ्याच कोणाची होईल. साहेबांचा कार्यकाळ आज पावणेसहाला संपतो. कौशल्याताई, तुम्ही मुलींना नागपूरहून बोलावून घेतले आहे, तेही मला माहीत आहे.

तरीही अध्यक्षसाहेब, माझी हात जोडून विनंती आहे, आज सह्या घेऊ नयेत. नवा तक्ता मी प्रत्येक खुर्चीवर ठेवला आहे. सोनकांबळे साहेब, आपण खाली बघताय. आपण रागावला असाल तर तो राग माझ्यावरच असावा, प्रज्ञेशवर नको. त्याने फक्त फोन केले.

साहेबांना आणि ताईंना उदंड आयुष्य लाभो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, तर लहान समजून क्षमा करावी. जुन्या तक्त्याची क्षमा मात्र मी मागत नाही. ती करणे आपल्या हातात नाही, सुंदराबाईंच्या हातात आहे.